रिकामा त्रिकोण : १९७६च्या होंडा सीबी५५०वर बांधलेल्या एका कॅफे रेसरचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी १९७६ची होंडा सीबी५५०, के मालिकेतली, चार सिलिंडर आणि चार सायलेन्सरवाली. मालकिणीच्या मामांनी ती बरीच वर्षं चालवली. त्यानंतर अकरा वर्षं ती शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. मामांनी भाचीच्या हातात किल्ली दिली ती एका अटीवर: गाडीतून काढलेला एकही भाग टाकायचा नाही, सगळं खोक्यात भरून परत आणून द्यायचं. या अटीने पुढे आम्हाला वाचवलं.

माणसांची नावं आणि जागा इथे गाळल्या आहेत. कामाचा क्रम, मोजलेले आकडे आणि चुका घडल्या तशाच ठेवल्या आहेत. काम आमच्या वर्कशॉपमध्ये झालं. इंजिन आणि कार्बोरेटर माझ्याकडे, वायरिंग माझ्या तरुण सहकाऱ्याकडे, आणि फ्रेमचं कापणं-जोडणं वेल्डिंगवाल्या काकांकडे.

कॅफे रेसर म्हणजे वेगासाठी हलकी केलेली, खाली वाकून चालवायची गाडी. हे वाचणाऱ्यांना ठाऊक असेल, पण त्या इतिहासातली एक गोष्ट या प्रकरणात फार उशिरा आमच्या लक्षात आली, म्हणून थोडक्यात सांगतो. १९५० आणि ६०च्या दशकांत ब्रिटनमधली तरुण पोरं लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरच्या एस कॅफेसारख्या ठिकाणी जमायची. ताशी १०० मैल, म्हणजे साधारण १६० किलोमीटर, हा त्यांचा ‘टन’. तो गाठायला गाडीवरचं जड सामान उतरवायचं, हँडल खाली घ्यायचं, सीट मागे सरकवायची. नॉर्टनच्या फेदरबेड फ्रेममध्ये ट्रायम्फचं इंजिन बसवून ‘ट्रायटन’ बांधायचे. १९६९मध्ये होंडाने सीबी७५० आणली. ७३६ सीसी, चार सिलिंडर, पुढे डिस्क ब्रेक, बटणावर स्टार्ट, आणि हे सगळं थेट शोरूममधून. वेगासाठी घरी गाडी बांधायची गरजच त्यानंतर कमी होत गेली. आज सत्तरच्या दशकातल्या जपानी गाड्या कॅफे रेसरसाठी घेतल्या जातात त्याची कारणं वेगळी आहेत. नळ्यांची सरळ फ्रेम, उघडं दिसणारं देखणं इंजिन, सहज सुटणारे मडगार्ड, आणि व्यवस्थित उघडून जोडलं तर पुन्हा वर्षानुवर्षं चालणारी यंत्रणा.

त्यातही सीबी५५०चा एक मोठा फायदा आहे. सीबी७५०चं तेल वेगळ्या टाकीत असतं आणि ती टाकी सीटखाली बाजूला बसते. ५५०चं तेल इंजिनाच्या तळातच असतं. त्यामुळे सीटखाली, फ्रेमच्या नळ्यांमध्ये जो त्रिकोण तयार होतो, तो ५५०मध्ये पूर्ण रिकामा करता येतो. बॅटरी हलवायची, एअरबॉक्स (कार्बोरेटरना हवा देणारी फिल्टरची पेटी) काढायचा, की आरपार उजेड दिसतो.

मालकिणीला नेमकं तेच हवं होतं. पहिल्या भेटीत तिने फोनवर एक चित्र दाखवलं आणि त्या त्रिकोणावर बोट ठेवून मला म्हणाली, “काका, बाकी तुम्ही म्हणाल तसं करू. पण इथून पलीकडची भिंत दिसली पाहिजे.”

गाडी आली तेव्हाची अवस्था

इंजिन अडकलेलं नव्हतं. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन १४० ते १५० पीएसआयच्या दरम्यान होतं, म्हणजे एकमेकांच्या जवळ. टॅपेटची (व्हॉल्व्हजवळची) फट कंपनीच्या मापाला, इनलेट ०.०५ आणि एक्झॉस्ट ०.०८ मिलिमीटरवर आणली. कॅमचेनचा टेन्शनर या इंजिनात जागेवर चिकटून बसतो, तो सोडवला. टाकीत गंज होता, तो काढला.

बाकी गोष्टी वाईट होत्या. चारही सायलेन्सर खालून कुजलेले. वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं. एअरबॉक्स आणि कार्बोरेटर यांना जोडणारे रबरी बूट लाकडासारखे कडक झालेले.

पहिला निर्णय : आधी चालवायची की थेट उघडायची?

सगळ्या प्रकरणाचं मूळ इथे आहे, म्हणून आमची बाजूही नीट मांडतो. जुनी गाडी हाती आली की तिला आहे त्या रूपात एकदा चालवून बघावं, हे आम्हाला ठाऊक होतं. गाडी मुळात कशी चालते हे कळलं की पुढच्या प्रत्येक बदलाचा परिणाम त्याच्याशी ताडता येतो. पण ही गाडी मूळ रूपात चालवायची तर नवे रबरी बूट, सायलेन्सर आणि दुरुस्त वायरिंग लागणार होतं. या तिन्ही गोष्टी आराखड्यात राहणारच नव्हत्या. जे काढून टाकायचं आहे त्याच्यावर खर्च कशाला, हा मालकिणीचा प्रश्न रास्त होता. कॉम्प्रेशनचे आकडे चांगले होते, तेव्हा इंजिन ठीक आहे असं धरून आम्ही गाडी थेट उघडली.

कॉम्प्रेशनवरून रिंगा आणि व्हॉल्व्ह कळतात. इग्निशन कसं आहे, कार्बोरेटर कसे आहेत, चार्जिंग किती आहे, याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. एका चाचणीच्या निकालावरून आम्ही या तीन गोष्टी गृहीत धरल्या.

फ्रेम

मागची कमान हे या कामातलं सगळ्यात दिसणारं आणि सगळ्यात जोखमीचं वेल्डिंग. शॉकअपच्या वरच्या बिजागरीच्या मागे फ्रेम कापायची, तिथे वळवलेली नळी आतून जोड-तुकडा घालून बसवायची, आणि जोडावर तसंच भोकांतूनही वेल्ड मारायचं. काकांनी कमान आधी वेल्डच्या नुसत्या तात्पुरत्या टाक्यांवर धरली. मग दोन्ही शॉकअपच्या स्प्रिंगा काढून मागचं चाक जॅकने पार वरपर्यंत उचललं. टायर आणि कमान यांत जेमतेम १२ मिलिमीटर उरत होते. वेगात असताना टायर थोडा फुगतो, वर बसणाऱ्याचं वजन, खड्डा. हे अंतर पुरेसं नव्हतं. टाके तोडून कमान वर घेतली आणि मगच पक्कं वेल्ड झालं. सीटची रेघ मालकिणीच्या चित्रापेक्षा किंचित उंच आली. तिने एकदा डोळे बारीक करून पाहिलं आणि मान डोलावली. या एका टप्प्यावर आम्ही सगळं योग्य क्रमाने केलं, हे मुद्दाम नोंदवतो.

त्याच दिवशी दुपारी त्याच ग्राइंडरने एअरबॉक्स आणि बॅटरीची पेटी धरणारे फ्रेमवरचे कान उडवले. पंधरा मिनिटांचं काम. कान कापले, घासून सपाट केले, आठवड्याने फ्रेम पावडर कोटिंगला गेली. त्रिकोण आरपार झाला. तेव्हा गाडी एकदाही सुरू झालेली नव्हती.

एकदम चार बदल

पुढच्या दोन महिन्यांत हे बसवलं: एअरबॉक्सच्या जागी चार सुटे पॉड फिल्टर (प्रत्येक कार्बोरेटरच्या तोंडावर थेट बसणारे), चार सायलेन्सरच्या जागी चार नळ्या एकात आणणारा (फोर-इन-टू-वन) आखूड, जवळजवळ उघडा सायलेन्सर, पॉइंटच्या (ठिणगीची वेळ ठरवणारे यांत्रिक संपर्क) दोन जोड्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, आणि सीटच्या मागच्या उंचवट्यात लपवलेली छोटी लिथियम बॅटरी. वायरिंग नव्याने ओढलं. किल्लीचा स्विच आणि हँडलवरचे स्विच मात्र जुनेच ठेवले. इंजिन बंद करायच्या लाल किल-स्विचची एक कड मामांच्या अंगठ्याने झिजून गुळगुळीत झाली होती आणि मालकिणीला ती तशीच हवी होती. हेडलाइटमध्ये जास्त उजेडाचा ५५/६० वॅटचा हॅलोजन बल्ब घातला.

ब्रेकचं काम सरळ झालं. मास्टर सिलिंडर उघडून सील बदलले, जुनी रबरी नळी काढून स्टीलच्या वेणीची घातली, टायर नवे. क्लिप-ऑन हँडल (पुढच्या फोर्कच्या नळ्यांना दोन बाजूंनी आवळलेले) पूर्ण वळवल्यावर अंगठा टाकीत अडकत होता, म्हणून ते वरच्या क्लॅम्पच्या वर घेतले.

अडचण

गाडी तिसऱ्या झटक्यात सुरू झाली. आयडलिंग छान, १,१०० आरपीएमला स्थिर. रस्त्यावर नेली तर ४,५०० ते ६,००० आरपीएमच्या पट्ट्यात अर्ध्याहून जास्त रेस दिली की अडखळायला लागायची. जागेवर उभी करून रेस दिली तर आवाज स्वच्छ. चढावर, किंवा मालकीण कोणाला मागे घेऊन निघाली की, मिसिंग.

पॉड फिल्टर आणि उघडा सायलेन्सर लावला की मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी होतं, हे सगळ्यांना माहीत असतं. आम्हालाही होतं. तेव्हा निदान पहिल्याच दिवशी ठरलं: गाडी लीन आहे, जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी छिद्राची तोटी) वाढवा.

पुढचे सात आठवडे आम्ही जेट वाढवत होतो. मेन जेट चार पायऱ्या वर नेले. सुईची क्लिप हलवली. चारही कार्बोरेटर व्हॅक्युम गेजवर जुळवले. इनटेक रबरांवर क्लीनर फवारून कुठे हवा ओढतंय का ते पाहिलं, ओढत नव्हतं. स्ट्रोबने टायमिंग तपासलं, आयडलला आणि पूर्ण ॲडव्हान्सला दोन्हीकडे खुणेवर.

आम्ही का फसलो हे समजून घेण्यासारखं आहे. प्रत्येक वेळी जेट वाढवला की गाडी थोडी सुधारायची. अडखळणं दोनशे-तीनशे आरपीएम वर सरकायचं. आपण योग्य दिशेने चाललो आहोत, याहून मोठा पुरावा मेकॅनिकला काय हवा? खरी गोष्ट अशी होती की लीन मिश्रण पेटवायला प्लगला जास्त व्होल्टेज लागतं. मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, केलं की कमजोर ठिणगीनेही ते पेटतं. आम्ही पेट्रोल ओतून ठिणगीचा अशक्तपणा झाकत होतो. रेस जास्त दिली की सिलिंडरमध्ये दाब वाढतो, आणि त्या दाबात ठिणगी पडायला आणखी व्होल्टेज लागतं. म्हणून उभ्या गाडीत सगळं ठीक, आणि भार आला की मिसिंग.

मालकिणीचं निरीक्षण

चौथ्या आठवड्यात ती म्हणाली होती, “काका, संध्याकाळी जास्त अडखळते.” मी तिला लगेच कारण सांगितलं. संध्याकाळी हवा थंड, म्हणून दाट, म्हणून त्यात ऑक्सिजन जास्त, म्हणून गाडी आणखी लीन. शास्त्र बरोबर होतं. तिला पटलं, मलाही पटलं, आणि आम्ही जेटचा आणखी एक आकार मागवला.

सातव्या आठवड्यात ती अंधार पडल्यावर गाडी घेऊन आली आणि दारातच थांबून म्हणाली, “लाइट बंद केली की मोकळी होते. तीनदा करून बघितलं.”

सहकाऱ्याने मल्टिमीटर आणला. इंजिन चालू, हेडलाइट चालू. बॅटरीच्या टोकांवर १२.९ व्होल्ट. ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या इग्निशन कॉइलच्या पॉझिटिव्हला १०.४. अडीच व्होल्ट वाटेत हरवत होते. मग टप्प्याटप्प्याने मोजलं: किल्लीच्या स्विचमध्ये ०.९, झिजलेल्या लाल किल-स्विचमध्ये ०.८, आणि उरलेले ०.८ बारीक वायर आणि जोडांमध्ये.

या काळातल्या होंडांमध्ये कॉइलचा करंट बॅटरीतून फ्यूज, किल्लीचा स्विच, किल-स्विच असा फिरून काळ्या-पांढऱ्या वायरने कॉइलपर्यंत जातो. पन्नास वर्षांत प्रत्येक संपर्कावर काट चढते. आम्ही वायर नवी ओढली, पण रस्ता तोच ठेवला आणि त्यातले दोन सगळ्यात थकलेले स्विचही तेच. वर हेडलाइटही त्याच किल्लीच्या स्विचमधून घेतली. कॉइलमध्ये साठणारी शक्ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १२.९च्या जागी १०.४ मिळाले तर करंट ऐंशी टक्क्यांवर येतो आणि शक्ती पासष्ट टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ठिणगीचा तिसरा हिस्सा वाटेतच जळत होता.

भरीला चार्जिंग. या गाडीचा अल्टरनेटर साधारण १५० वॅटचा, आणि त्यात कायमचे चुंबक नाहीत. फील्ड कॉइल आहे, ती स्वतःच दोन-अडीच अँपिअर खाते. इग्निशन, मागचा दिवा आणि आमचा वाढीव हेडलाइट मिळून हिशेब जेमतेम बसत होता, तोही वरच्या आरपीएमला. आयडलला बॅटरी रिकामी होत जायची. मूळची १२ अँपिअर-अवरची लेड बॅटरी गर्दीतली दहा मिनिटं निभावून न्यायची. आमच्या छोट्या बॅटरीत तेवढी गंगाजळी नव्हती.

ठिणगी दुरुस्त केली आणि दुसरा आजार दिसला

उपाय सोपा होता. बॅटरीतून जाड वायरने, स्वतंत्र फ्यूज घालून, थेट कॉइलला पुरवठा दिला आणि मध्ये एक रिले बसवला. किल्ली आणि किल-स्विच आता फक्त रिलेला इशारा देतात, त्यांच्यातून फारसा करंट वाहत नाही. मामांच्या अंगठ्याचा स्विच जागेवर राहिला. हेडलाइटला वेगळा रिले आणि कमी वॅटचा एलईडी. कॉइलवर १२.६ व्होल्ट मिळाले.

भाराखालचं मिसिंग त्याच दिवशी गेलं. पण आता गाडी रिच होती, प्लग काजळीने काळे. सात आठवड्यांत चढवलेले जेट एकेक करून खाली आणले. तेव्हा पॉड फिल्टरचा स्वतःचा दोष उघडा पडला, जो इतके दिवस ठिणगीच्या गोंधळात मिसळून गेला होता. ३,५०० ते ४,००० आरपीएमला हलक्या रेसवर गाडी दबायची. बाजूने वारा असला की कधी असायचं, कधी नसायचं. बाहेरच्या एक आणि चार नंबरच्या सिलिंडरचे प्लग पांढुरके, आतले दोन तपकिरी.

एअरबॉक्स म्हणजे नुसती फिल्टरची पेटी नव्हे. चार कार्बोरेटरना शांत, सारख्या दाबाची हवा एकाच साठ्यातून मिळावी म्हणून ती असते. पॉड लावले की बाहेरच्या दोघांना थेट वारा लागतो आणि आतल्या दोघांना इंजिनाची गरम हवा. सीबी५५०च्या कार्बोरेटरमधली स्लाइड (हवेची वाट उघडणारा सरकता भाग) केबलने उचलली जाते, त्यामुळे त्यांच्यावर पॉड बसवून चिकाटीने ट्यून करणारे लोक आहेत आणि त्यांच्या गाड्या चालतातही. १९७९नंतरच्या डबल कॅमवाल्या सीबी७५०सारख्या, व्हॅक्युमवर स्लाइड उचलणाऱ्या कार्बोरेटरवर हे काम कितीतरी अवघड होतं. आमचं प्रकरण अशक्यातलं नव्हतं, आणि म्हणूनच पुढचा निर्णय कठीण गेला.

पर्याय

पहिला पर्याय, पॉड ठेवून एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर लावायचा आणि आकडे बघत आतल्या-बाहेरच्या कार्बोरेटरना वेगवेगळे जेट द्यायचे. त्रिकोण रिकामा राहिला असता. पण ऋतू बदलला, वारा बदलला की पुन्हा तेच. मालकीण स्वतः जेट बदलणारी नव्हती.

दुसरा, त्रिकोणात बसेल अशी पत्र्याची छोटी पेटी नव्याने बनवायची आणि आत लांब तोंडाच्या नळ्या द्यायच्या. मला हा पर्याय मनापासून आवडत होता. पण पेटीचं आकारमान आणि नळ्यांची लांबी चुकली तर आपण नवा दोष जन्माला घालतो, आणि तो शोधायला तुलना कशाशी करणार? मूळ रूपात ही गाडी कशी चालायची हे आम्ही पाहिलंच नव्हतं.

तिसरा, मूळ एअरबॉक्स परत. त्यासाठी कापलेले कान पुन्हा वेल्ड करायचे, म्हणजे नवी पावडर कोटिंग जाळायची. आणि मालकिणीने पहिल्या दिवशी बोट ठेवलेली जागा भरून टाकायची.

दुसरे कार्बोरेटर बसवायचा विषयही निघाला, पण तो फार लांबला नाही.

मी तिला बोलावून तिन्ही पर्याय सांगितले. माझा कल तिसऱ्याकडे आहे हेही सांगितलं. ती बराच वेळ गाडीभोवती फिरली. त्या दिवशी काका तिथेच होते. त्यांनी विचारलं, “ताई, त्या जुन्या ट्रायटनमध्ये या जागी काय असायचं?”

कोणी बोललं नाही. मग मीच सांगितलं. त्या ब्रिटिश इंजिनांचं तेल वेगळ्या टाकीत असायचं आणि ती टाकी बसायची इथेच, सीटखाली, या त्रिकोणात. ज्या गाड्यांवरून हा सगळा प्रकार सुरू झाला, त्यांचा त्रिकोण भरलेला होता. जी वस्तू गाडीला पळवायला लागते ती तिथे असायची. रिकाम्या त्रिकोणाचा आग्रह मला फार अलीकडचा वाटतो, गाडी बाजूने उभी करून फोटो काढायला लागल्यानंतरचा.

तिने विचारलं, एअरबॉक्स आहे का अजून? मामांच्या खोक्यात होता, बुटांसकट, वर्तमानपत्रात गुंडाळून.

काय केलं

कडक बूट विंटरग्रीन तेल आणि अल्कोहोलच्या मिश्रणात आठवडाभर बुडवून ठेवले. चारपैकी तीन मऊ झाले. चौथ्याला तडा होता, तो नवा शोधावा लागला. काकांनी जाड पत्र्यातून नवे कान कापले. जागा मोजायची कशावरून? आम्ही कापण्याआधी एकही माप लिहून ठेवलं नव्हतं. शेवटी कार्बोरेटर इंजिनावर चढवून, बूट लावून, एअरबॉक्स हातात धरून जागा ठरवली. त्यात एक अख्खा दिवस गेला. दोन्ही वेल्डभोवतीची पावडर जळाली आणि तिथे हाताने रंग मारला.

आखूड उघडा सायलेन्सर काढून आत नीट अडसर असलेला लांब सायलेन्सर घातला. नळ्यांचं एकत्रीकरण ठेवलं, कारण त्याला होंडाचाच आधार आहे: १९७५मध्ये सीबी४००एफ आणि सीबी५५०एफ कारखान्यातूनच फोर-इन-टू-वन घेऊन आल्या होत्या. जेट कंपनीच्या मापावर परत आणले आणि तिथून फक्त एक पायरी वर. लिथियम बॅटरी बदलून मूळ क्षमतेची बॅटरी एअरबॉक्सच्या मागे बसवली. त्याने दोन किलोंहून जास्त वजन वाढलं. सीटच्या उंचवट्यात आता रिले आणि फ्यूजचा डबा आहे.

या वेळी प्रत्येक बदलानंतर गाडी तीस किलोमीटर चालवली आणि वहीत नोंद केली. बदल एका वेळी एकच.

निकाल

गाडी आयडलपासून ८,००० आरपीएमपर्यंत सलग ओढते. चारही प्लग एका रंगाचे. पहिल्या सहा महिन्यांत मालकिणीने २,३०० किलोमीटर चालवली. एकदा सायलेन्सरचा नट ढिला झाला, बाकी तक्रार नाही. कागदावर या मॉडेलचं कोरडं वजन १९२ किलोच्या आसपास आहे. आमच्या काट्यावर पेट्रोलशिवाय १८० भरलं. म्हणजे मडगार्ड, जुनी सीट आणि चार सायलेन्सर जाऊन बारा किलो कमी झाले.

किंमतही लिहायला हवी. काम ठरल्यापेक्षा साडेचार महिने लांबलं. फ्रेमवर हाताने रंगवलेले दोन ठिपके उन्हात वेगळे दिसतात. तिच्या चित्रातला त्रिकोण तिला मिळाला नाही. एअरबॉक्सला काळा मॅट रंग दिल्यावर तो नजरेत भरत नाही, पण पलीकडची भिंतही दिसत नाही. तिला याचं वाईट वाटलं, आणि तिने ते लपवलं नाही.

मामा एकदा गाडी बघायला आले. बसून बघितली, किल-स्विचवर अंगठा ठेवला, आणि हँडल फार खाली आहे म्हणाले.

आज हेच काम आलं तर

गाडी आधी चालवू, कितीही कुरूप असली तरी. कुजलेल्या सायलेन्सरना पट्टी मारून, उसने बूट लावून, तात्पुरत्या वायरीवर का होईना, पन्नास किलोमीटर. त्या खर्चाला मी आता वाया गेलेला खर्च म्हणत नाही. आमचे सात आठवडे त्याच्या कितीतरी पट महाग पडले.

कान कापण्याबद्दल माझं मत पक्कं झालं आहे. मागची कमान बांधायची तर फ्रेम कापावी लागते, तिथे इलाज नाही. पण एअरबॉक्सचे कान कापायची घाई कशासाठी होती? एअरबॉक्स नुसता काढून, कान तसेच ठेवून, पॉडवर पाचशे किलोमीटर चालवता आली असती. पावडर कोटिंग त्यानंतर. आता वर्कशॉपमध्ये कापायच्या प्रत्येक तुकड्याचा आधी फोटो काढतो, पट्टी धरून माप लिहितो, आणि जे कापणं परत फिरवता येत नाही ते चाचणीनंतरच्या यादीत टाकतो.

चारही बदल एकदम करण्याचं समर्थन करता येत नाही. पॉड, सायलेन्सर, इग्निशन आणि बॅटरी यांतला प्रत्येक बदल एकेकटा निभावला असता. एकत्र आल्यावर दोन दोष एकमेकांची लक्षणं वापरायला लागले. कॉइलवरचं व्होल्टेज मोजायला दहा मिनिटं लागतात. कार्बोरेटर उघडण्याआधी ती दहा मिनिटं द्यायची, हा आता आमच्याकडचा क्रम आहे: इंजिन चालू, सगळे दिवे चालू, आणि मोजायचं बॅटरीवर नव्हे, कॉइलवर. अर्धा व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर तो आधी शोधायचा.

सगळ्यात जास्त टोचणी मला चौथ्या आठवड्यातल्या त्या वाक्याची आहे. “संध्याकाळी जास्त अडखळते.” तिने लक्षण सांगितलं आणि मी त्याच क्षणी त्याचं स्पष्टीकरण दिलं. माझ्या मनात निदान आधीच ठरलेलं होतं आणि थंड हवेची गोष्ट त्यात चपखल बसली. तेव्हा मी फक्त एवढं विचारायला हवं होतं: संध्याकाळी आणखी काय वेगळं असतं? ती लाइट लावते, हे तिनेच सांगितलं असतं. आता चालवणाऱ्याने सांगितलेलं लक्षण आम्ही त्याच्याच शब्दांत वहीच्या डाव्या पानावर लिहितो. उजव्या पानावर आमचे तर्क, आणि ते दुसऱ्या दिवशी.

रिकामा त्रिकोण मनापासून हवा असेल त्याला मी अडवणार नाही. फक्त दुसरा पर्याय, पत्र्याच्या छोट्या पेटीचा, त्याच्यासमोर आधी ठेवेन, आणि तो मूळ एअरबॉक्सवर चाललेल्या गाडीच्या आकड्यांशी ताडून बांधेन. या गाडीचे ते आकडे आता आमच्या वहीत आहेत. येत्या हिवाळ्यात गाडी सर्व्हिसला येईल तेव्हा तशी पेटी बनवून बघू या, असं मालकिणीने परवा फोनवर सुचवलं आहे. नवे कान या वेळी कापायचे नाहीत, पेटी त्याच कानांवर बसली पाहिजे, एवढं तिने स्वतःहून सांगितलं.